सहावी ते आठवीच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांचा संदर्भासह सराव कसा घ्यावा

धड्याखालचे शब्दार्थ वहीत उतरवून घ्यायचे, ते पाठ करायचे आणि घटक चाचणी झाली की विसरून जायचे, हा क्रम मराठी माध्यमाच्या अनेक वर्गांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. यात दोष मुलांच्या स्मरणशक्तीचा नाही. शब्द आणि त्याचा अर्थ अशी सुटी जोडी पाठ झाली, तरी तो शब्द केव्हा वापरायचा आणि त्याच्या शेजारी कोणते शब्द येतात, हे त्या जोडीत कोठेच नसते. म्हणून नवा शब्द मुलाला नेहमी वाक्यात भेटावा आणि ते वाक्य त्याच्या ओळखीच्या गोष्टीविषयी असावे, असे माझे ठाम मत आहे. सांगली जिल्ह्यात अशा गोष्टींची वाण नाही. कृष्णेचा पूर, मार्केट यार्डातील हळदीचे सौदे, तासगावचे बेदाणे, मिरजेत तंबोरे घडवणारे कारागीर, हे सारे मुलांनी पाहिलेले किंवा घरात ऐकलेले असते. विषय परिचित असला की त्यांचे सगळे लक्ष अनोळखी शब्दाकडे जाऊ शकते.

उतारा शिक्षकांनी किंवा पालकांनी स्वतःच लिहावा. साठ ते ऐंशी शब्द पुरेत, आणि त्यांत नवे शब्द तीन-चारच असावेत. शंभर शब्दांमागे पाचांहून अधिक शब्द अनोळखी झाले, तर अंदाज बांधण्यासाठी लागणारा आधारच नाहीसा होतो आणि मूल पुन्हा शब्दार्थांच्या यादीकडे वळते.

पुराचा विषय घेतल्यास उताऱ्याची सुरुवात अशी करता येईल (वाक्ये येथे देवनागरीत दिली असली, तरी फळ्यावर ती रोमन लिपीतच लिहावीत): ‘आफ्टर हेवी रेन, द कृष्णा स्वेल्ड अँड रोझ अबव्ह द डेंजर मार्क अ‍ॅट आयर्विन ब्रिज. फॅमिलीज लिव्हिंग निअर द बँक वेअर इव्हॅक्युएटेड टू अ स्कूल ऑन हायर ग्राउंड. व्हेन द वॉटर रिसीडेड, दे रिटर्न्ड होम अँड क्लीन्ड द मड.’ आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी मानतात, हे सांगलीतील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यामुळे पहिले वाक्य त्यांना सहज कळते. उतारा दोनदा मोठ्याने वाचावा आणि शब्दकोश मिटलेलाच ठेवून प्रश्न विचारावेत. माणसे घरातच राहिली की दुसरीकडे नेली गेली? हे कोणत्या शब्दांवरून कळले? ‘टू अ स्कूल’ आणि ‘हायर ग्राउंड’ या शब्दांवर मुलांनी बोट ठेवले, म्हणजे ‘इव्हॅक्युएट’चा अर्थ त्यांनी स्वतः शोधला. ‘रिसीड’साठी तर लोक घरी परतले आणि चिखल काढू लागले एवढा धागा पुरतो, ‘पाणी ओसरलं’ हे उत्तर मुलांकडूनच येते. ‘बँक’ या शब्दापाशी मात्र मुद्दाम थांबावे. मुलांना पैसे ठेवण्याची बँक ठाऊक असते, आणि नदीजवळ राहणाऱ्या कुटुंबांच्या वाक्यात तो अर्थ बसत नाही हे त्यांच्या लक्षात आले, की शब्दाचा अर्थ शेजारचे शब्द ठरवतात ही गोष्ट त्यांना पटते.

येथे एक काळजी घ्यावी. 2019 आणि 2021 च्या महापुरात अनेक घरांचे मोठे नुकसान झाले. ज्या वर्गात अशा घरांतील मुले आहेत, तेथे हा उतारा घेण्याआधी विचार करावा आणि गरज वाटल्यास दुसरा विषय निवडावा.

अर्थाचा माग लावण्याच्या खुणाही हळूहळू शिकवाव्यात. ‘बिकॉज’ कारण दाखवतो, ‘सच अ‍ॅज’च्या मागोमाग उदाहरणे येतात, आणि ‘बट’ किंवा ‘ऑल्दो’ दिसला की पुढे विरोधी आशय येणार हे ओळखावे. ‘द ट्रेडर वॉज रिलक्टंट टू रेझ हिज बिड, बट ही फायनली अ‍ॅग्रीड’ या वाक्यात ‘बट’मुळे व्यापारी आधी नाखूश होता हे उमगते. वाक्य ‘रिलक्टंट’पाशीच संपले असते, तर कितीही हुशार मुलाला अर्थ लावता आला नसता. संदर्भ नेहमीच पुरेसा नसतो, म्हणून अंदाज वहीत लिहून झाल्यावर तो शब्दकोशात पडताळण्याची सवय अवश्य लावावी.

वहीत अर्थापेक्षा शब्दाच्या सोबत्यांना अधिक जागा द्यावी. पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’. चूक ‘मेक’ करतात आणि गृहपाठ ‘डू’ करतात. आपण मराठीत परीक्षा देतो, म्हणून मुले ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ लिहितात. प्रमाण इंग्रजीत तेथे ‘टेक’ येतो. असे शब्द जोडीनेच लिहून ठेवले, तर पुढे निबंध लिहिताना त्यांचा खरा उपयोग होतो.

क्रियापदांसाठी एखादी प्रक्रिया निवडावी. काढणी झालेली हळद शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात आणि सौद्याला आणतात. ‘हार्वेस्ट’, ‘बॉइल’, ‘ड्राय’, ‘पॉलिश’, ‘ऑक्शन’ हे शब्द याच क्रमाने आले की ते एकमेकांच्या आधाराने लक्षात राहतात.

शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी घ्यावी, नंतर तीन-चार दिवसांनी आणि मग पुढच्या आठवड्यात. उजळणीत तोच उतारा नवे शब्द गाळून द्यावा आणि मुलांना ते आठवून भरायला सांगावेत. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याच्या कष्टाने शब्द अधिक पक्का होतो.

चाचणी घेताना शब्दाचा अर्थ विचारू नये. तोच शब्द नव्या प्रसंगात द्यावा, उदाहरणार्थ ‘द सिनेमा हॉल वॉज इव्हॅक्युएटेड बिकॉज ऑफ अ फायर’, आणि तेथे नेमके काय घडले हे मुलांना मराठीत सांगू द्यावे. पुराच्या उताऱ्यात माणसे हलवली गेली होती आणि येथे इमारत रिकामी केली गेली, हा फरक ज्याला सांगता आला त्याला पूर्ण गुण द्यावेत, मग त्याच्या उत्तरातील वाक्यरचना थोडी अडखळती असली तरी चालेल.