मुंबईहून नाशिकच्या द्राक्षशिवारात: मुरमाच्या वाटांवर सायकल कशी चालवावी

मुंबईत सायकल चालवणाऱ्याचा जन्म डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यावर जातो, त्यामुळे नाशिककडच्या द्राक्षशिवारात पहिल्यांदा निघालेला माणूस सगळी तयारी सायकलची करतो आणि मातीची चौकशी करायला मात्र विसरतो. मीही तेच केले होते. कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली ग्रॅव्हल सायकल नवी होती, टायर 40 मिलिमीटर रुंदीचे होते, आणि निफाडच्या पुढे, आदल्या रात्री पाऊस पडून गेलेल्या एका पाणंद रस्त्यावर, 200 मीटरांच्या आत दोन्ही चाके फिरायची थांबली. टायर आणि चिमटा यांच्यामध्ये काळी माती गच्च बसली होती. ती काडीने उकरायची, दहा पावले सायकल ढकलायची आणि पुन्हा उकरायची, असे करत डांबरी रस्ता गाठायला तास गेला. बांधावर उभ्या असलेल्या एका आजोबांनी ते सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, वाफसा तरी येऊ द्यायचा ना."

पावसानंतर जमिनीतले जादा पाणी निथळून ती औत घालण्याजोगी होते, त्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात. जे औताला लागू तेच सायकलला लागू आहे. काळ्या मातीत पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते, म्हणून ती ओली असताना चिकटते आणि सुकल्यावर तिला भेगा पडतात. मुरूम म्हणजे झिजलेला, भुसभुशीत झालेला काळा पाषाण. त्यातून पाणी झटकन निचरते आणि पाऊस थांबल्यावर काही तासांतच त्यावरून चाक नीट चालते. त्यामुळे वाट निवडताना अंतर आणि चढ यांच्याआधी ती मुरमाची आहे की काळ्या रानातली आहे, हे विचारून घ्यावे. उपग्रहाच्या नकाशातही हा फरक बहुधा दिसतो: मुरमाची वाट तांबूस किंवा फिकट रेघेसारखी उमटते, आणि काळ्या रानातली वाट शेताच्याच रंगात मिसळून जाते.

या फरकामुळेच मुंबईच्या नवशिक्या सायकलस्वाराने आधी नाशिकच्या पश्चिमेला जावे आणि पूर्वेची बाजू नंतरसाठी ठेवावी, असे माझे मत आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि नाशिक शहराच्या अलीकडे गंगापूर धरणात अडते. धरणाच्या आसपास, गोवर्धन, गिरणारे आणि काश्यपी धरण या टापूत, जमीन चढउताराची आणि बरीचशी मुरमाड आहे, पाऊस जास्त असल्यामुळे भाताची खाचरे आहेत आणि उतारांवर द्राक्षबागा आहेत. शहरातून गंगापूर रस्त्याने बाहेर पडून गिरणाऱ्याच्या बाजूला जावे, वाटेत फुटणाऱ्या मुरमाच्या रस्त्यांपैकी दोनतीन धरावेत आणि डांबरी रस्त्याने परत यावे; अशी 40 ते 50 किलोमीटरची फेरी पहिल्या दिवसाला पुरेशी आहे. डांबरावरचे 50 आणि मुरमावरचे 50 यांत पाय फार मोठा फरक करतात.

उत्तरेला दिंडोरी आणि पूर्वेला निफाड या तालुक्यांत कादवा नदीचे खोरे लागते. येथे जमीन सपाट, काळी आणि खोल आहे, आणि चालवण्यासारखी सर्वांत लांब वाट म्हणजे पाटाच्या कडेचा रस्ता. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला द्राक्षांचे मांडव आणि समोर चढ नाही, हे सुख खरे असले तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की हा रस्ता पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी असतो. फाटक किंवा साखळी दिसली तर मागे फिरावे, आणि पाटाची राखण करणारा पाटकरी भेटला तर त्याला विचारून पुढे जावे. दुसरी अशी की पाटाला आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलेले असेल तर पाझरामुळे रस्ता जागोजागी ओला होतो, आणि मग भर जानेवारीतही वाफशाचा प्रश्न उभा राहतो. पाटाच्या पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये, कारण अस्तर केलेल्या पाटाच्या भिंतींना बाहेर येण्यासाठी धरायला काही नसते. या बाजूची फेरी नांदूर मध्यमेश्वरपर्यंत नेता येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि 2020 च्या जानेवारीत या पाणथळ जागेला राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. अभयारण्यात सायकल कुठपर्यंत नेता येईल, ते चापडगावच्या बाजूने शिरताना वनखात्याच्या माणसाला विचारावे.

हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि निफाडचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो, म्हणून मुंबईकराला हास्यास्पद वाटणारे पूर्ण बोटांचे हातमोजे पहाटे उपयोगी पडतात. ब्रेक दाबण्यासाठी बोटे शुद्धीवर असावी लागतात. मार्चमध्ये बागा द्राक्षांनी लगडलेल्या दिसतात, पण अकराच्या पुढे ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात जायचेच असेल तर फक्त पश्चिमेकडे जावे, आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे असले तरी ओलांडू नये. धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठचे चित्र थोड्या वेळात पालटते, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली आहे, हे काठावरून कळत नाही.

सायकल ग्रॅव्हलचीच हवी असे नाही. 38 मिलिमीटरचे टायर बसणारी हायब्रिड किंवा साधी एमटीबी (माउंटन बाइक) चालते. खर्च करायचाच असेल तर तो ट्यूबलेस टायरवर करावा. येथील पंक्चरचे कारण खिळा किंवा काच क्वचितच असते. बांधावरच्या बाभळीचे काटे आणि जमिनीलगत पसरणारे सराटे एका फेरीत पाचसहा भोके सहज पाडतात, आणि टायरमधले सीलंट ती भोके तुम्हाला न कळवता बुजवते. मुंबईच्या उष्णतेत सीलंट लवकर सुकते, म्हणून दर तीन महिन्यांनी ते तपासावे. हवा नेहमीपेक्षा कमी ठेवावी: 70 किलो वजनाच्या स्वाराने 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 30 आणि मागे 33 पीएसआयपासून सुरुवात करावी आणि अंदाज घेत बदल करावा, आत ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय वाढवावे, नाहीतर दगडावर आदळून ट्यूबला दोन भोके पडतात. ट्यूबलेस असले तरी एक जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या जवळ ठेवाव्यात, कारण खडी दाबून केलेल्या डब्ल्यूबीएम रस्त्यावरची ताजी, धारदार खडी टायरची बाजू कापते आणि तेथे सीलंटचे काही चालत नाही.

चालवण्याची रीत डांबरापेक्षा वेगळी आहे. हँडल घट्ट आवळू नये; पुढचे चाक थोडे इकडेतिकडे घसरणारच, त्याला तेवढी मोकळीक द्यावी. नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता 10 ते 15 मीटर पुढे ठेवावी. चढावर सीटवरून उठले की मागचे चाक जागच्या जागी फिरते, म्हणून हलका गिअर टाकून बसूनच चढावे. ब्रेक वळणाच्या आधी लावावेत आणि वळणात सोडावेत. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ट्रॅक्टरने पाडलेली आणि उन्हात वाळून टणक झालेली चाकोरी. एकदा पुढचे चाक तीत गेले की हळूहळू तिरपे वळवून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण चाक कडेला घासते आणि माणूस आडवा होतो. वेग कमी करून चाकोरीतूनच पुढे जावे, ती उथळ होईल तेथे बाहेर पडावे, नाहीतर सरळ उतरावे. चाकोरी सोडणे येथेही सोपे नाही.

बागांमधून जाताना आपण कोणाच्या तरी कामाच्या जागेतून जात आहोत, हे लक्षात असू द्यावे. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी आणि डावणी या रोगांसाठी वारंवार फवारणी होते, आणि ब्लोअर लावलेल्या ट्रॅक्टरमागून औषधाचे धुके रस्त्यावरही येते. तो दिसताच वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांबावे आणि धुके खाली बसू द्यावे. बागेतील द्राक्ष न विचारता तोडू नये, आणि धुतल्याशिवाय तोंडात तर मुळीच टाकू नये. काढणीच्या दिवसांत सकाळी क्रेट भरलेल्या गाड्यांना वाट द्यावी. मळ्यातील वस्तीजवळ कुत्रे धावून आले तर वेग वाढवण्याऐवजी उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि चालत पुढे जावे. घरातून कोणीतरी हाक मारतेच. गंगापूर धरणाच्या परिसरात वायनरी आहेत, पण वाइन चाखायची असेल तर सायकल मुक्कामी लावून मग जावे.

मुंबईहून सायकलवरच नाशिक गाठण्याचा हट्ट पहिल्या खेपेला करू नये. महामार्गावरची अवजड वाहने आणि कसारा घाट यांतच दिवस संपतो. शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी एक्स्प्रेसने निघून रात्री नाशिक रोडला उतरता येते. सायकल मात्र पार्सल कार्यालयात वेळेआधी नेऊन नोंदवावी लागते आणि ती आपल्याच गाडीने येईल की नाही, हे तेथेच विचारून घ्यावे. पेडल काढावेत, हँडल आडवे वळवावे आणि नाव, फोन, स्थानक लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला दोन ठिकाणी बांधावा. मित्राच्या गाडीवर रॅक असेल तर हा खटाटोप वाचतो.

परतताना सायकल नाशिकमध्येच धुऊन घ्यावी. वाळलेली काळी माती घरी आल्यावर खरवडूनच काढावी लागते, आणि धुतल्यावर साखळी कोरडी पुसून तिला तेल दिले नाही, तर मुंबईची खारी हवा पुढच्या शनिवारपर्यंत तिच्यावर तांबेरा चढवते.