टेबलात रांगा येतात पण खाने रिकामे? आधी डेटा कच्चा छापा

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या भावाचं टेबल वेबपेजवर बनवलं, रांगा बरोबर येऊन राहिल्या पण भावाचा खाना कोराच, आणि एररही नाही! जँगो आणि जिंजा (पायथनच्या डेटातून वेबपेज बनवायची साधनं) दोन्हीत डेटाच्या खान्याचं नाव चुकलं तर गपचूप रिकामं छापतात, म्हणून टेम्प्लेटकडे (ज्या एचटीएमएल साच्यात डेटा भरला जातो) टक लावून बघत बसू नका.

१. टेबलाच्या वर प्री टॅगमध्ये (<pre>, मजकूर जसाच्या तसा दाखवतो) डेटाची पूर्ण लिस्टच छापा, फिल्टर वगैरे काही न लावता.
२. लिस्टचं नाव बरोबर लिहूनही ती दिसली नाही किंवा रिकामी आली तर घोळ मागच्या, डेटा पाठवणाऱ्या कोडमध्ये आहे, टेम्प्लेटला हात लावू नका.
३. डेटा दिसला तर कीचं (डेटातल्या खान्याच्या नावाचं) स्पेलिंग टेम्प्लेटमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा, कॅपिटल-स्मॉलसकट. एक्सेलमधून आलेल्या हेडिंगच्या शेवटी बरेचदा एक स्पेस चिकटलेली असते, ती इथे अवतरणचिन्हात लगेच दिसते (माझ्या मते निम्मी डोकेदुखी हीच).
४. सगळं एकाच रांगेत आडवं पसरलं तर टीआर (<tr>, टेबलाच्या रांगेचा टॅग) लूपच्या बाहेर राहिला, आत घ्या.

जिंजा असेल तर त्याची स्ट्रिक्टअनडिफाइन्ड (StrictUndefined) ही सेटिंग लावून ठेवा, चुकीच्या नावावर सरळ एररच देतो.

फक्त लाइव्ह करण्याआधी ती कच्ची ओळ पूर्ण डिलीट करा बरं, एचटीएमएल कमेंटमध्ये टाकली तरी ब्राउझरच्या व्ह्यू सोर्समध्ये त्या लिस्टमधले व्यापाऱ्यांचे फोन नंबर कोणालाही दिसतात.