बोन्सायचे पुरुमेंत आणि हातभर तार

मे महिन्यात गोव्यात घरोघरी पावसाळ्यासाठी सुके बांगडे, मिरच्या, सोलं, चिंच भरून ठेवतात, तेच पुरुमेंत. माझ्यासारख्या बोन्सायवेड्यांचेही एक पुरुमेंत असते, कारण वड-उंबराच्या जातीची झाडे पावसाच्या तोंडावर कुंडी बदलली की लवकर सावरतात. गेल्या वर्षी मी सगळे गोळा केले आणि हातभर तार विसरलो. झाड गेले. म्हणून यादीत पहिली तार. ती खिशात घाला आणि मग पुढचे वाचा.

झाडाला पैसे घालू नका. जुन्या कुंपणाच्या चिऱ्यांच्या फटीत, विहिरीच्या कठड्यावर, गच्चीच्या पन्हळीत वड नाहीतर पिंपळ उगवलेलाच असतो, आणि घरवाले तो कधी एकदा निघतो याची वाट बघत असतात. विचारून घ्या. रानातून मात्र काही उपटून आणू नका. मुळे ओढायची नाहीत, चिरा हलवून सैल करायचा. असे झाड वर्षभर साध्या खोल कुंडीत किंवा तेलाच्या डब्यात वाढू द्या, मगच त्याला उथळ कुंडी दाखवा. पिंपळाची पाने मोठी आणि देठ लांब, त्यामुळे नवख्याचा विरस होतो. वडाच्याच जातीचा बारीक पानांचा फायकस घ्या, नाहीतर कुंपणाची कामिनी. बोगनवेल सुरेख होते, पण तिची मुळे भर पावसात कापू नका, कुजतात.

कुंडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघा, किंवा डिचोलीच्या कुंभाराकडे सांगून करून घ्या. पसरट, चार-पाच बोटे खोल. आपल्याकडे गारठा नाही, त्यामुळे साधी भाजलेली माती चालते, जपानी चकाकीची गरज नाही. भोके भाजण्याआधीच पाडून घ्या. दोन मोठी पाण्यासाठी आणि दोन बारीक तारेसाठी. मी चार सांगितली तेव्हा कुंभारीण हसली, ‘इतले बुराक कित्याक?’ म्हणजे इतकी भोके कशाला? गेल्या वर्षी तिने विचारले असते तर मलाही उत्तर आले नसते. तयार कुंडी असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी ड्रिलने हळू भोक पाडा, ड्रिल ठोक्यावर ठेवू नका. मोठ्या भोकांवर खिडकीच्या प्लास्टिक जाळीचा तुकडा.

माती. अंगणातली तांबडी माती नुसती भरलीत तर जुलैपर्यंत तिचा चिखल आणि डिसेंबरपर्यंत वीट होते. विटांचा चुरा करा, दोन चाळण्या लावा. मोठे तुकडे तळाला, तांदळाएवढे ते हरभऱ्याएवढे दाणे वापरायचे, पूड फेकायची. चाळायचा कंटाळा आला तर बोन्सायचा नाद सोडा, कारण पूड राहिली की पाणी अडते. निम्म्याहून जास्त विटांचा चुरा, बाकी जाड रेती आणि कुजलेले शेणखत. रेती नदीची. समुद्राची वाळू फुकट मिळते, पण तिच्यात मीठ असते.

आता तार. वायरमनकडे फिटिंगचे तुकडे पडलेले असतात. प्लास्टिकच्या आवरणासकट एक हातभर तुकडा मागून आणा. कुंडी रिकामी असतानाच तो दोन बारीक भोकांतून खालून वर काढा, दोन्ही टोके वर उभी राहू द्या. माती भरल्यावर तार घालता येत नाही, हे मी गेल्या वर्षी भरलेल्या कुंडीसमोर उभे राहून शिकलो. तेव्हा म्हटले, राहू दे, झाड तर उभे आहे. जूनच्या पहिल्या वादळी सरींत ते कुंडीत डुलत राहिले. नव्या मुळाचे केसाएवढे टोक फुटायचे आणि तुटायचे, फुटायचे आणि तुटायचे. तीन आठवडे पाने हिरवी होती, म्हणून मी खुशीत. मग पिवळी पडली, आणि खोडाला धरून उचलले तर झाड अलगद हातात आले, खाली एकही पांढरे मूळ नाही. माती चांगली, कुंडी चांगली, छाटणी चांगली. तार नाही.

हत्यारांत कात्री आणि पक्कड पुरे. जपानी कटरच्या जाहिराती बघू नका. बांबूची एक काडीही ठेवा.

ज्या दिवशी कुंडी बदलायची त्या दिवशी आकाश ढगाळ असू द्या. मुळे एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. चीक कपड्यांवरून जात नाही, जुना शर्ट घाला. झाड ठेवा, तारेची टोके जाड मुळांवरून आणून पक्कडीने पिळा, खोडाला आवळू नका. तार जिथे टेकते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. मग माती घालून काडीने सगळीकडे खुपसा. शेवटी खोड धरून हलवा. झाड हलले की कुंडी हलली पाहिजे. नुसते झाड हलले तर सगळे उपसून परत करा, मी गंमत करत नाही.

दोन-तीन आठवडे वळचणीखाली, वाऱ्याच्या आड. पागोळी थेट कुंडीत नको. फांद्यांना वळण आत्ता द्यायला जाऊ नका. पुढे फांदीला तार गुंडाळून द्याल तेव्हा पावसाळ्यात ती तार दर पंधरवड्याला बघा, पटकन रुतते. गोगलगायी रात्री वेचा. खत गणेशचवथीनंतर, थोडेच. मुळांवरची तार पुढच्या वर्षीपर्यंत कापू नका.