पाण्याचा ताळेबंद: गावाचं एकमत कसं घडवायचं

हवामान बदलाच्या परिषदा जगभर होतात. पण पाऊस मोजक्याच दिवसांत कोसळून गेला, की विहिरीतून कुणी किती उपसायचं हे गावालाच ठरवावं लागतं. इथे बहुमत पुरत नाही. प्रत्येक मोटारीपाशी पहारा ठेवता येत नाही, आणि ज्याच्यावर निर्णय लादला तो रात्री उपसा करतोच.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची पद्धत यासाठी उत्तम आहे: अभ्यास गटात मोकळी चर्चा, तिथे निर्णय नाही, निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने. चर्चा आणि निर्णय एकाच बैठकीत उरकले तर माणसं ऐकत नाहीत, बाजू लढवतात.

अभ्यास गटात आठ-दहा जण पुरेत. बोअरवाला, ऊसवाला, कोरडवाहूवाला, भूमिहीन आणि पाणी भरणाऱ्या बायका त्यात हव्यातच. जूनपासून रोजचा पाऊस पर्जन्यमापकावर मोजा आणि चावडीवर लिहा. वेगवेगळ्या भागांतल्या पाच-सहा विहिरींची पातळी दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, सकाळी मोटारी सुरू होण्याआधी, टेपने घ्या. हे चारचौघांत करा. कचेरीतून आणलेल्या आकड्यावर गाव भांडतं. स्वतः मोजलेल्या आकड्यावर सहसा नाही.

हिशोब सोपा आहे. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. हजार हेक्टरच्या गावात 500 मिलिमीटर पडला तर 500 कोटी लिटर. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात त्यातला ढोबळमानाने दहावा हिस्सा जमिनीत मुरतो, म्हणजे 50 कोटी. दोन हजार माणसांना माणशी रोज 55 लिटरने वर्षाला 4 कोटी लागतात, हजार जनावरांना 50 लिटरने जवळपास 2 कोटी. उरले 44 कोटी. पाटपाण्याच्या उसाला एकरी 80 लाख ते 1 कोटी लागतात, हरभऱ्याला 10-12 लाख. म्हणजे 44 ते 55 एकर ऊस, नाहीतर सुमारे 400 एकर हरभरा. हा आकडा फळ्यावर लिहून थांबा. लोकांना आपापसात बोलू द्या.

मग वस्तीनिहाय बैठका घ्या, पंधरा-वीस जणांच्या. ग्रामसभेआधीची महिला सभा कागदावर उरकू नका. टँकरचा हिशोब तिथेच नीट कळतो. सुरुवात कधीही ‘ऊस बंद’ने करू नका. आधी आकडा मान्य, मग पिण्याच्या पाण्याचा पहिला हक्क मान्य, शेवटी पीक. क्रम उलटला की पहिल्याच दिवशी दोन तट पडतात आणि पुढारी ते पोसतात.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी योग्य, कारण रब्बीची बरीचशी पेरणी बाकी असते. ‘सगळ्यांना मान्य?’ विचारून टाळ्या घेऊ नका. शांतता म्हणजे होकार नव्हे. हरकत कुणाला, ती का, आणि काय बदललं तर चालेल, हे तीन प्रश्न विचारा. उसाची हरकत बहुधा कर्जाची असते. उभं पीक तोडणीपर्यंत राहू द्या, नवी लागण थांबवा, म्हणजे अर्धा विरोध मावळतो. उरलेल्यांसाठी निर्णय एकाच हंगामापुरता ठेवा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात ऊस, केळी आणि सिंचनाच्या बोअरवर बंधन टिकलं, त्यामागे दरवर्षी नव्याने मांडला जाणारा असाच पाण्याचा ताळेबंद आहे.

ठरावात पिकांचं क्षेत्र, मोजणी करणाऱ्यांची नावं आणि फेरआढाव्याची तारीख लिहा. जानेवारीत पातळी अमुक फुटांखाली गेली तर उन्हाळी पीक नाही, हेही ऑक्टोबरातच लिहा. जानेवारीत चर्चा काढाल तेव्हा कांदा लावून झालेला असतो.