ताटाळ्यातल्या ताटांसारखे दगड

एडिनबरा आणि पुणे, दोन्हीकडे वर्षाचा पाऊस जवळपास सारखाच: साधारण ७०० मिलिमीटर. पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो, इथे बाराही महिने रिपरिप. हे लक्षात येईपर्यंत इथल्या बागेतली माझी तीन डोंगरी रोपं गेली होती. पहिलं मॉस कॅम्पियन, उशीसारखं वाढणारं डोंगरी झाड, मी गुलाबासारखं भरपूर खत घालून लावलं. उन्हाळाभर ते कोबीच्या गड्ड्यासारखं फुगलं आणि फेब्रुवारीत हात लावला तर मधोमध लिबलिबीत. थंडीनं नाही गेलं. स्कॉटलंडमधल्या बेन लॉअर्स डोंगराच्या उंच कड्यांवर हेच झाड मजेत असतं. तिथे मूठभर माती आणि पाणी ठरूच न देणारे दगड. उशीसारखी वाढणारी ही डोंगरी झाडं मानेशी, म्हणजे खोड आणि मूळ जुळतं तिथे, साचलेल्या ओलीनं मरतात, म्हणून सगळी मेहनत निचऱ्यावर करायची.

त्यासाठी दगडांचा वाफा करायचा आणि रोपं दगडांमधल्या फटींत लावायची. चपट्या फरश्या आडव्या मांडू नका. ताटाळ्यात ताटं लावतो तशा उभ्या, एकाच बाजूला किंचित कललेल्या, निम्म्या जमिनीत गाडलेल्या. मधे बोटभर फट. जावईबापू म्हणाले, "आई, थडगी बांधताय का?" बांधू द्या म्हटलं.

फटीत दोन वाटे बारीक कच, एक वाटा जाडी रेती, एक वाटा चाळलेली माती. खत नाही. समुद्राची वाळूही नको, ती खारट. बरणीत लोणचं दाबतो तसं काठीनं दाबत भरायचं. पोकळी राहिली की मूळ हवेत लोंबतं आणि वाळतं.

रोप लिंबाएवढंच घ्या. मोठ्या रोपाचं मूळ फटीत मावत नाही. बादलीत बुडवून मुळाची नर्सरीतली माती पूर्ण धुवा, नाहीतर तो गोळा स्पंजासारखा ओला राहतो. मूळ सरळ खाली सोडा, दोन्ही बाजूंनी मिश्रण भरा आणि उशीच्या खाली मानेभोवती दोन सेंटिमीटर नुसता कच सरकवा. हे एप्रिलमध्ये करा आणि पहिला उन्हाळा पाणी चुकवू नका. मूळ खोल गेलं की मग फारसं बघावं लागत नाही.

वसंतात लवकर फुलणारी सॅक्सिफ्रागा, हीही डोंगरी उशीच, पूर्वेच्या अंगाला लावा, दुपारच्या उन्हात ती करपते. लवदार पानांची अँड्रोसेस, अशीच आणखी एक उशी, मात्र लाडावलेली: तिच्या डोक्यावर ऑक्टोबर ते मार्च काच हवी, बाजू उघड्या. तिच्या मूळ गावी, डोंगरात, ती हिवाळाभर बर्फाखाली कोरडी झोपते, इथली भुरभुर तिला सोसत नाही.

काळे पक्षी किडे शोधताना रोपं उपटून टाकतात, तेव्हा लावल्यावर महिनाभर जाळी ठेवा. उशीवर तपकिरी डाग दिसला तर मेलेली पानं चिमट्यानं काढून खड्ड्यात रेती भरा. बाजूची पानं सावकाश त्यावर सरकतात. माझ्या एका उशीला दोन वर्षं लागली.