चारची चिपळूण गाडी आणि नानांसाठी बघितलेली सात केअर सेंटर

आमचे नाना एसटीत कंडक्टर होते. कराड डेपो, त्यातली बरीचशी वर्षं कराड-चिपळूण मार्गावर. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सुरू झाल्यावर बाकीचं एकेक करून गेलं, गाडी तेवढी राहिली. दुपारी चार वाजले की नाना उठतात, शर्टाचा खिसा चाचपतात आणि दाराकडं निघतात. "वेबिल कुठंय? गाडी लागलीय." (वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद.) अडवलं तर हात उगारतात. गेल्या वर्षी आई दारात आडवी उभी राहिली, ढकलली गेली, मनगट मोडलं. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी आणि भावानं ठरवलं की आता घरी जमायचं नाही. पुढच्या दोन महिन्यांत कराड, सातारा, पुणे मिळून सात सेंटर बघितली. त्यातून जे कळलं ते लिहिते.

पहिलं काम फोनवरच होतं. साध्या वृद्धाश्रमांच्या नियमावलीत पुष्कळ ठिकाणी एक ओळ असते, 'स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश'. नाना आंघोळ करतात, पण साबण हातात दिल्यावर त्याचं काय करायचं हे सांगावं लागतं, म्हणजे ते त्या ओळीच्या बाहेर. म्हणून फोनवर "जागा आहे का" एवढंच विचारू नका. स्मृतिभ्रंश आहे, चालते-फिरते आहेत, बाहेर निघून जातात, कधी हात उगारतात, घेता का, असं सगळं एका दमात सांगून टाका. लपवून दाखल केलं की पंधरा दिवसांत "तुमचा पेशंट घेऊन जा" असा फोन येतो. माझं मेडिकलचं दुकान आहे, तिथं येणाऱ्या एका बाईंचं हेच झालं. आणि उलटा प्रश्नही तेव्हाच विचारा. हा आजार वाढत जाणारा आहे. उद्या अंथरुणाला खिळले, नाकात नळी आली, तरी ठेवणार का? दोन ठिकाणी "तेव्हाचं तेव्हा बघू" असं म्हणाले. ती दोन्ही मी खोडली.

बघायला जायचं ते संध्याकाळी. ऑफिसवाले सकाळी अकराला बोलावतात, कारण अकराला कुठलंही सेंटर छानच दिसतं. आंघोळी झालेल्या, पावडर लावलेली, सगळे खुर्च्यांवर ओळीनं. या आजारात उन्हं उतरायला लागली की अनेकांची घालमेल वाढते. घरी जायचंय, मुलांची शाळा सुटली असेल, आमच्याकडं गाडी सुटायची असते. नेमक्या त्याच वेळी चहा असतो आणि बऱ्याच ठिकाणी पाळी बदलते, म्हणजे जायच्या घाईत असलेल्या मावश्या आणि अजून न आलेल्या मावश्या. त्या तासात तिथं काय चालतं ते बघायचं. एका सेंटरनं सांगितलं, भेट फक्त अकरा ते बारा. आम्ही रस्त्यातूनच गाडी वळवली.

प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला. चार वाजता हे उठून म्हणतील चिपळूण गाडी लागलीय, मग तुम्ही काय कराल? तुमच्या माणसाचा असाच एक प्रश्न असेलच, तोच विचारा. "तुम्ही डिमेन्शियाच्या पेशंटना कसं सांभाळता" असं विचारलं की 'प्रेमानं' असं उत्तर मिळतं, आणि त्याचं पुढं काही करता येत नाही. गाडीच्या प्रश्नाला मात्र उत्तरं वेगवेगळी आली. एका मॅनेजरनं मेन गेटचं कुलूप दाखवलं. एकजण म्हणाले, "समजावून सांगू की तुम्ही रिटायर झालाय." (आम्ही हे वर्षभर केलं. रिटायर झाल्याची बातमी नानांना रोज नव्यानं लागायची.) एका ठिकाणी सिस्टर म्हणाली, "चारच्या आधीच गोळी देऊ ना." आणि साताऱ्याजवळच्या एका ठिकाणी मॅनेजर काही बोलायच्या आत ताट पुसत उभ्या असलेल्या मावशींनी सोबत आलेल्या नानांनाच विचारलं, "मग पहिला थांबा कुठला हो मास्तर?" नाना म्हणाले, "विजयनगर." मावशी म्हणाल्या, "मग त्याच्या आधी चहा घेऊ." नाना बसले. मी भावाकडं बघितलं.

गोळीचं जरा सविस्तर सांगते, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही मानसिक आजारांवरची, माणसाला शांत करणारी औषधं कधीकधी खरंच लागतात, पण ती गप्प बसवायची सोय नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये अशा काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला. पडणं वाढतं, गिळताना ठसका लागतो, अंग ताठ होतं. म्हणून विचारायचं की अशी गोळी कोण लिहितं, डोस वाढवायचा निर्णय कोणाचा, घरच्यांना आधी कळवता का. चिठ्ठीवर 'गरजेप्रमाणे' असं लिहिलेलं असलं तर ती गरज रात्री दोन वाजता कोण ठरवतं? औषधांची वही मागा. ज्या ठिकाणी वहीत वेळ आणि सही होती, त्यांनी ती लगेच समोर ठेवली. इतरांची वही कपाटात होती आणि किल्ली सरांकडे.

त्याला जोडूनच एक प्रश्न, जो माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जातो. शांत असलेला माणूस दोन दिवसांत अचानक जास्तच भांडायला, बरळायला लागला, तर पहिलं काय बघता? लघवी तपासतो, ताप बघतो, पोट साफ झालं का, कुठं दुखतंय का, नवीन औषध सुरू झालंय का, अशी उत्तरं यायला हवीत. म्हाताऱ्या माणसाचा लघवीचा संसर्ग कधीकधी ताप न येता असा डोक्यातून बाहेर पडतो. "आजार वाढला असं समजायचं" असं उत्तर आलं की पुढं बघायची गरज नाही.

आता डोळ्यांनी काय बघायचं. भिंतीवर वाढदिवसाच्या टोप्यांचे फोटो असतात, ते सोडा. नाकावर चष्मे किती आहेत ते मोजा. एका हॉलमध्ये अठरा माणसं होती आणि चष्मा दोघांच्या डोळ्यांवर. बाकी सोळांना चांगलं दिसतं यावर माझा विश्वास नाही. कवळ्या कुठं ठेवता विचारा, डबीवर नाव आहे का बघा. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडून असतं आणि आजोबा 'बोलतच नाहीत' म्हणून नोंद होते. अंगावरचे कपडे स्वतःचे आहेत का? एका आजोबांच्या स्वेटरवर आतून मार्करनं दुसऱ्याचंच आडनाव होतं. वासाबद्दल सगळेच सांगतात. मी एवढंच म्हणेन की लघवीचा थोडा वास चहाच्या वेळी कुठंही येईल. फिनेलचा नाकात जाईल एवढा दर्प येत असेल तर तुमच्या येण्याआधी काहीतरी झालंय.

फरशी चकचकीत असली तर आपल्याला स्वच्छ वाटते, त्यांना ओली वाटते. पायपुसणं काळं असेल तर खड्डा समजून काही जण थबकतात. आमच्याकडं नाना आरशातल्या माणसाशी तिकिटावरून भांडायचे, त्यामुळं खोलीत आरसा आहे का आणि झाकता येतो का हेही मी विचारलं. संडासाचं दार खाटेवरून दिसतं का, रात्री तिथं दिवा असतो का, आतून कडी लागते का, आणि लागली तर बाहेरून उघडते का.

पुण्यातल्या एका बंगल्यात, वरच्या मजल्यावर, एका आजींच्या कमरेभोवती ओढणी दिसली. गुलाबी, टिकल्यांची. गाठ खुर्चीच्या मागं होती. मॅनेजर म्हणाले, "पडू नयेत म्हणून, घरच्यांची परवानगी आहे." आजी ती ओढणी बोटांनी पुढं ओढत होत्या, थोडी सैल झाली की परत ओढत होत्या. तिथं भिंतीवर डॉक्टरांची नावं होती, लिफ्ट होती, जेवण चांगलं होतं. बांधता का, हे सरळ विचारा. "नाही" म्हणाले तरी वरचा मजला बघा. आणि "वर काही नाहीये" असं म्हणाले तर नक्की बघा.

जेवणाच्या वेळी एकदा थांबा. भरवणारी मावशी उभी राहून भराभर घास कोंबते का समोर बसून, गिळलं की नाही बघून पुढचा देते, एवढं पाच मिनिटांत कळतं. वजन दर महिन्याला लिहितात का विचारा. जे खाटेवर आहेत त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. टाचा आणि माकडहाड बघता का, शेवटची जखम कुणाला आणि कधी झाली होती. "आमच्याकडे बेडसोअर (पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) होतच नाहीत" यापेक्षा "एकाला झालेली, अशी बरी केली" हे उत्तर मला जास्त खरं वाटतं.

मावश्यांशी मॅनेजर नसताना बोला. किती दिवस झाले इथं, सुट्टी मिळते का, रात्री किती जणांना बघता. दर महिन्याला एजन्सीकडून नवी माणसं येत असतील तर तुमच्या माणसाला ओळखणारं तिथं कुणीच नसणार. मी एका आजोबांकडं बोट दाखवून विचारायचे, "यांना काय आवडतं?" जिथं "गोड शिरा, आणि रेडिओ लावला की मान हलवतात" असं आलं, तिथं थोडा वेळ बसले. भाषेचंही बघा. नाना हिंदी विसरले. कामावरची मुलगी कितीही गुणी असली तरी "खाना खा लो बाबा" म्हटल्यावर ते तिला पॅसेंजर समजतात. आम्ही निवडलेल्या ठिकाणी रात्री बारा जणांमागं एक बाई जागी असते. भाऊ एकदा रात्री साडेदहाला मुद्दाम 'स्वेटर द्यायला' गेला. जागी होती.

पैशांचं थोडक्यात. आम्हाला महिन्याला २४ हजारांपासून ५५ हजारांपर्यंत आकडे सांगितले. त्यात डायपर, औषधं, डॉक्टरांची व्हिजिट, फिजिओ धरलंय का ते कागदावर लिहून घ्या. डिपॉझिट परत कधी, मध्येच काढलं तर किती कापणार, हॉस्पिटलमध्ये हलवलं तर सोबत कोण थांबणार, त्या दिवसांची फी चालू राहते का, रात्री काही बरंवाईट झालं तर दाखला कोण देणार. हे विचारताना जीभ जड होते, पण विचारा. नोंदणीचा कागद आणि आगीच्या वेळी माणसं कशी बाहेर काढणार हेही. नानांची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेतली, जिथं किमान रक्कम २०१४ पासून एक हजारावर अडकली आहे. त्यात डायपरही येत नाहीत. तरी हयातीचा दाखला सेंटरमध्येच मोबाइलवर चेहरा दाखवून काढून देणार का, हे मी विचारून घेतलं. पेन्शन सोडायची नाही, सदतीस वर्षांची कमाई आहे.

लगेच कायमचं दाखल करू नका, आधी पंधरा दिवस ठेवून बघा. "पहिले पंधरा दिवस घरच्यांनी येऊ नये, मग रुळतात" असं काही ठिकाणी सांगतात. मला पटलं नाही. आम्ही एक दिवसाआड गेलो, वेळ न सांगता. तिसऱ्या भेटीत नानांच्या पायात दुसऱ्याच्या चपला होत्या, ते सांगितलं, दुसऱ्या दिवशी पट्ट्याला नाव शिवलेलं होतं. चूक होणारच, सांगितल्यावर काय होतं ते बघायचं.

आणि जाताना एक कागद द्या. फाइल नाही, एकच पान, मोठ्या अक्षरात, खाटेशी लावता येईल असं. नानांचं असं आहे: नाना म्हणा किंवा मास्तर म्हणा, आजोबा म्हटलेलं चालत नाही. चहात साखर दोन चमचे, डॉक्टरांनी एक सांगितलीय, दीड द्या. उजव्या कानाला ऐकू येत नाही, डावीकडून बोला. आंघोळीला डोक्यावरून एकदम पाणी ओतू नका, आधी पायांवर. चार वाजता गाडी असते. रिकामा खिसा सापडला की घाबरतात, म्हणून खिशात जुन्या तिकिटांचा गठ्ठा ठेवलाय, धुवायच्या आधी काढा. आणि खुर्चीवर बसत नसतील तर टेबलावर दोनदा टकटक करा, डबल बेल ऐकली की बसतात.