बाजेचे चार कोपरे: मैत्री आणि विश्वासावर तरुणांचं सत्र कसं घ्यावं

१३ ते १७ वयाची आठ-दहा मुलं, दोन मोठी माणसं आणि सव्वा तास. या विषयाला एवढं पुरतं. मुलं बारांच्या वर गेली तर दोन गट करा, नाहीतर बोलकी चार मुलं बोलतात आणि बाकीची छताकडे बघत बसतात. खुर्च्या गोल मांडा, मध्ये टेबल नको. पवित्र शास्त्राचं (बायबलचं) एकच भाषांतर सगळ्यांच्या हाती द्या; आळीपाळीने वाचताना शब्द वेगळे आले की मुलं तिथेच अडखळतात.

सुरुवात ‘मैत्री म्हणजे काय?’ या प्रश्नाने करू नका. त्याला निबंधातली उत्तरं येतात. त्याऐवजी प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि नाव न घालता लिहायला सांगा: मित्राने किंवा मैत्रिणीने केलेली कोणती लहानशी गोष्ट अजून लक्षात आहे? ‘लहानशी’ हा शब्द मुद्दाम आहे. चिठ्ठ्या मिसळून तुम्हीच वाचा, मुलांना वाचायला देऊ नका. अक्षरावरून कोणाची ते लगेच कळतं. दहा मिनिटांत हे संपवा.

मग पवित्र शास्त्रातलं मार्क २:१–१२ (मार्कचं पुस्तक, अध्याय २, वचनं १ ते १२). आधी फक्त चौथ्या वचनापर्यंत वाचा आणि थांबा. कफर्णहूम गावातलं घर, आत येशू बोलतोय, गर्दीमुळे दारातही जागा नाही, आणि चौघं जण छप्पर उकरून पक्षघाती (लुळ्या पडलेल्या) माणसाची बाज खाली सोडतात. त्या भागातली छपरं लाकडी वाश्यांवर फांद्या आणि माती थापून केलेली असत, म्हणून उकरणं शक्य होतं. (लूकच्या पुस्तकात हीच घटना आहे, पण तो कौलांचा उल्लेख करतो. एखादं चौकस मूल हे दाखवेलच. त्याला गप्प करू नका, लूक ५:१९ उघडून सगळ्यांना दाखवा.) आता विचारा: खाली बसलेल्यांच्या डोक्यावर काय पडलं असेल? छप्पर दुरुस्त कोणी केलं? बाजेवरच्या माणसाला यायचं तरी होतं का? शेवटच्या प्रश्नावर गट सहसा दुभंगतो. दुभंगू द्या.

त्यानंतर पाचवं वचन. येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो. कोणाचा? प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. शांतता आपल्यालाच आधी सहन होत नाही, आपण उत्तर देऊन टाकतो आणि सत्र तिथेच प्रवचन होतं. मित्राचा विश्वास माझ्या उपयोगी पडू शकतो का, हा धागा मुलांच्याच तोंडून आला तरच टिकतो. इथे वीस मिनिटं द्या, कमी नको.

पुढे कागदावर बाज काढायची आणि चार कोपऱ्यांवर चार नावं: मी पडलो तर मला कोण उचलेल? कागदाच्या मागे: मी कोणाची बाज धरतो? घोटाळा इथे होतो. एखाद्याचे चारही कोपरे रिकामे राहतात आणि शेजारचा डोकावून बघतो. म्हणून आधीच सांगा की कोपरा रिकामा चालेल, आजी किंवा शिक्षकाचं नावही चालेल, कागद कोणालाही दाखवायचा नाही, घडी घालून खिशात ठेवायचा. ज्याची पेन्सिल हललीच नाही, त्याच्याशी दुसऱ्या मोठ्या माणसाने नंतर सहज बोलावं. सगळ्यांच्या देखत, पण इतरांना ऐकू न जाईल इतक्या अंतरावर.

‘येशू आहे ना तुझा मित्र’ हे वाक्य एकट्या पडलेल्या मुलाला घाईने सुनावू नका. योहान १५:१३–१५ वाचा, पण शेवटी, आणि तिथल्या दास आणि मित्र या फरकावर थांबा: मित्राला सगळं कळवलं जातं. ख्रिस्ती नसलेल्या मित्रांचा प्रश्नही येईल. चर्चला आणण्यासाठी गळ म्हणून केलेली मैत्री समोरच्याला कळते, हे मुलांना स्पष्ट सांगा.

पुढच्या बैठकींसाठी ईयोब २:११–१३ उत्तम: दुःखात बुडालेल्या ईयोबाजवळ त्याचे तिघे मित्र सात दिवस, सात रात्री एक शब्दही न बोलता बसले. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. दावीद–योनाथान (१ शमुवेल २०) घ्यायचं तर योनाथानचा पेच धरा: दावीदाच्या जिवावर उठलेल्या बापाची, शौल राजाची बाजू की मित्राची? तुटलेल्या मैत्रीसाठी येशूचा शिष्य पेत्र: योहान १८:१८ मध्ये कोळशांचा विस्तव, तिथे पेत्राने येशूला नाकारणं, २१:९ मध्ये पुन्हा कोळशांचा विस्तव, तिथे येशूचा तीनदा तोच प्रश्न: माझ्यावर प्रेम करतोस का? हे दोन विस्तव मुलांनाच शोधू द्या.

प्रार्थनेच्या वेळी कोणाला मोठ्याने बोलायची सक्ती नको. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरी ना...’ असं सुरू झालं की ती चुगली होते. नाव न घेता मनातच मागायला सांगा. गुप्ततेचं वचन सरसकट देऊ नका. सुरुवातीलाच सांगा: इथलं इथेच राहील, पण कोणाच्या जीवाला धोका असेल किंवा कोणी त्रास देत असेल, तर ते योग्य माणसापर्यंत जाईल. सत्र संपवून निघण्यापूर्वी सुरुवातीच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर फाडून टाका.